सव्वासात हातांचं पाखरू

(कराड येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



शाळेतल्या आमच्या सरांच्या स्मृतीसाठी बोलायला उभं राहायचं म्हटल्यावर विषय कोणता घ्यावा, याचा मला फार विचार करावा लागला नाही. विषय त्यांनीच ५० वर्षांपूर्वी देऊन ठेवला होता.

साल १९७४. आम्ही इथल्याच एका शाळेत नववीत होतो. सर इंग्रजी शिकवायचे. कोलरिजच्या त्या प्रसिद्ध कवितेची गोष्ट ते सांगत होते. एक खलाशी अल्बट्रॉस नावाचा पक्षी मारतो आणि साऱ्या जहाजाला त्याचे भोग भोगावे लागतात. बोलता बोलता सर थांबले आणि म्हणाले, "हा पक्षी केवढा असतो, कुणी सांगेल?" वर्ग गप्प. कुणी घारीएवढा म्हणालं, कुणी मोराएवढा. सर काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर बैलाचा कासरा होता. घरून हातानं मोजून त्याला दोन ठिकाणी गाठी मारून आणल्या होत्या. एक गाठ त्यांनी दाराशी बसणाऱ्या पोराच्या हातात दिली, दुसरी माझ्या. "मागं सर, अजून मागं सर," करत मला खिडकीपर्यंत नेलं. कासरा ताणला गेला. "सव्वासात हात," सर म्हणाले. "एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंत." आमच्यातला एकजण उठून म्हणाला, "सर, एवढं मोठं पाखरू पंख हलवून दमत नसेल का?" सरांचं उत्तर मला अजून जसंच्या तसं आठवतं. "ते पंख हलवतच नाही. ते कसं, ते तुम्ही शोधा."

आज मी तो गृहपाठ तपासायला घेऊन आलो आहे. सर नाहीत. म्हणून तुमच्यासमोर ठेवतो.

आता कुणी विचारेल, की कराडात अल्बट्रॉसचं काय काम? इथून समुद्र घाटाच्या पलीकडे, आणि त्या समुद्रातही हा पक्षी सहसा येत नाही. रास्त प्रश्न आहे. म्हणून आधी नकाशा समोर धरू.

कराड साधारण ७४ पूर्व रेखांशावर आहे. इथून दक्षिणेकडे तोंड करून निघालात, की कर्नाटकचा किनारा सुटल्यावर पुढे पाणीच पाणी. विषुववृत्त ओलांडायचं आणि तसंच खाली जात राहायचं. सुमारे ६,००० किलोमीटर गेल्यावर, ३८ दक्षिण अक्षांशाच्या जवळ, ७७ पूर्व रेखांशाच्या थोडं पुढे एक लहानसं ज्वालामुखीचं बेट लागतं. त्याचं नाव ॲमस्टरडॅम. युरोपातलं शहर वेगळं, हे हिंदी महासागरातलं बेट वेगळं. आज ते फ्रान्सच्या ताब्यात आहे. साठ चौरस किलोमीटरही भरणार नाही एवढं. तिथं कायमची वस्ती नाही, संशोधकांचं एक ठाणं आहे. जगातल्या अतिदुर्मीळ अल्बट्रॉसांपैकी एक, ॲमस्टरडॅम अल्बट्रॉस, फक्त याच बेटावर अंडी घालतो. पृथ्वीच्या पाठीवर त्याला दुसरं घर नाही. म्हणजे आपण आणि तो एकाच महासागराच्या दोन टोकांचे, जवळजवळ एकाच रेषेवरचे रहिवासी.

आणखी एक नातं आहे, आणि ते वाऱ्याचं आहे. आपला पाऊस कुठून येतो? नैऋत्येकडून, हे शाळेतलं उत्तर. पण त्या वाऱ्याची सुरुवात दक्षिण गोलार्धात होते. मादागास्करच्या पूर्वेला महासागरावर हवेचा एक जास्त दाबाचा पट्टा असतो. हवामानशास्त्रज्ञ त्याला मास्करीन उच्चदाब म्हणतात. तिथून निघालेला वारा आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतो, वळतो, अरबी समुद्राचं बाष्प घेतो आणि सह्याद्रीला येऊन धडकतो. मग महाबळेश्वरला, नवजाला, कोयनेच्या खोऱ्यात पाऊस कोसळतो. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन आपल्या प्रीतिसंगमावर मिळतात. त्या पाण्याच्या पाठीमागे जो दक्षिणेचा पट्टा आहे, त्याच्या दक्षिणेकडच्या कडेला हे बेट आहे. त्या बाजूच्या वाऱ्यांवर हा पक्षी जगतो, या बाजूच्या वाऱ्यांवर आपला ऊस. आता त्याला परका म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आता सरांचा प्रश्न. पंख न हलवता उडतं कसं?

घारही पंख न हलवता घिरट्या घालते. पण घारीला उन्हानं तापून वर चढणारी हवा लागते. समुद्रावर तशी हवा सहसा नसते. अल्बट्रॉसची युक्ती वेगळी आहे, आणि ती समजून घ्यायला कराडकरांना कुठल्याही पुस्तकाची गरज नाही. पावसाळ्यात घाटावर उभं राहून कृष्णेचं पाणी पाहा. काठाशी पाणी रेंगाळतं, मध्यात धावतं. काठाची जमीन पाण्याला अडवते म्हणून असं होतं. वाऱ्याचंही तेच. समुद्राच्या लाटा वाऱ्याला अडवतात. त्यामुळे पाण्यालगत वारा मंद आणि दहा-पंधरा मीटर वर गेलं की जोरकस. अल्बट्रॉस या दोन वाऱ्यांमधला फरक वापरतो. वाऱ्याकडे तोंड करून तो वर चढतो. चढताना त्याची स्वतःची गती कमी होते, पण समोरचा वारा वाढत जातो आणि त्याला उचलून धरतो. वर पोचल्यावर तो वळतो आणि वारा पाठीशी घेऊन खाली झेपावतो. पंखाचं टोक लाटेला लागतंय की काय असं वाटेपर्यंत खाली येतो आणि मिळालेल्या वेगावर पुन्हा वाऱ्याकडे वळतो. वर, वळण, खाली, वळण. दिवसभर, रात्रभर. लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञानं १८८३ मध्येच या उड्डाणामागचं तत्त्व मांडलं होतं.

यासाठी शरीरही तसंच घडलेलं आहे. पंख लांब आणि अरुंद. खांद्यात एक स्नायुबंध असा, की पंख पुरता पसरला की तो जागच्या जागी अडकतो, जशी आपण खिडकीची झडप खिटी लावून उघडी ठेवतो. पंख पसरलेला ठेवायला स्नायूंना जोर लावावा लागत नाही. शास्त्रज्ञांनी उडत्या अल्बट्रॉसच्या हृदयाचे ठोके मोजले. तरंगत जाताना ते घरट्यावर निवांत बसलेल्या पक्ष्याच्या ठोक्यांच्या जवळपास होते. त्याची खरी दमछाक होते ती पाण्यावरून किंवा जमिनीवरून उडताना. वारा पडला, की त्याला पाण्यावर बसून राहण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणूनच विषुववृत्ताजवळचा वारा पडलेला पट्टा त्याला भिंतीसारखा आडवा येतो, आणि म्हणूनच तो आपल्या समुद्रात सहसा दिसत नाही.

तहान लागली तर? तो समुद्राचंच पाणी पितो. डोळ्यांच्या वर असलेल्या ग्रंथी रक्तातलं जास्तीचं मीठ गाळतात आणि ते खारं पाणी चोचीवरून ओघळून जातं. चोचीवर दोन बाजूंना नळ्यांसारख्या नाकपुड्या असतात. त्यांनी तो कित्येक किलोमीटरवरचा अन्नाचा वास घेतो. खाणं मुख्यतः माकूळ आणि मासे.

१९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जुव्हँतँ आणि आंरी व्हेमरस्कीर्श यांनी क्रोझे बेटांवरच्या भटक्या अल्बट्रॉसांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी छोटी यंत्रं बसवली. घरट्यात जोडीदार अंडं उबवत बसलेला, आणि हा पक्षी अन्नासाठी बाहेर पडलेला. एका फेरीत त्यांनी ३,६०० ते १५,००० किलोमीटर अंतर कापल्याचं दिसलं. १५,००० किलोमीटर! कराडहून पुण्याला जाऊन परत येण्याच्या जवळजवळ ५० फेऱ्या, एका खाण्यासाठी.

श्रोतेहो, उडण्याबद्दल इतकं पुरे. सरांचा प्रश्न सुटला. पण मला आज जे सांगायचं आहे, ते त्याच्या उडण्यापेक्षा त्याच्या जगण्याबद्दल आहे. हा पक्षी वेगानं उडतो आणि फार सावकाश जगतो.

ॲमस्टरडॅम अल्बट्रॉसचंच चरित्र पाहा. बेटाच्या उंच पठारावर, पाणथळ कुजट मातीच्या जागेत, चिखल आणि गवताचं घरटं. फेब्रुवारी-मार्चमध्ये मादी एकच अंडं घालते. साधारण ८० दिवस नर आणि मादी आळीपाळीनं ते उबवतात. मे महिन्यात पिल्लू बाहेर येतं. मग आठ महिने, दक्षिणेचा सगळा कडक हिवाळा, ते पिल्लू त्या उघड्या पठारावर बसून असतं. सुरुवातीचे दिवस सोडले तर एकटं. आईबाप हजारो किलोमीटर फिरून येतात, भरवतात आणि पुन्हा जातात. पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत पिल्लू उडतं. म्हणजे एका पिल्लाला सगळं वर्ष लागतं. एवढं झाल्यावर आईबाप वर्षभर समुद्रावर विसावा घेतात. म्हणून दोन वर्षांतून एकदा, एकच अंडं.

आणि ते पिल्लू? एकदा उडालं, की चार ते सात वर्षं त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेपर्यंतचा महासागर हेच त्याचं घर. मग एक दिवस ते परत त्याच बेटावर येतं. आल्या आल्या संसार मांडत नाही. आधी जोडीदार शोधायचा असतो. समोरासमोर उभं राहून पंख पसरायचे, मान आभाळाकडे करून साद घालायची, चोच चोचीवर वाजवायची. हा नाच पहिल्या वर्षी कुणालाच नीट जमत नाही. तो शिकण्यात आणखी काही वर्षं जातात. वयाच्या साधारण नवव्या वर्षी पहिलं अंडं. एकदा जोडी जमली, की ती सहसा मोडत नाही.

आपल्या अंगणातली चिमणी एका वर्षात दोन-तीन वेळा चार-पाच अंडी घालते. काही गेली तरी काही उरतात. अल्बट्रॉसचा हिशेब तसा नाही. त्यानं भरवसा संख्येवर न ठेवता आयुष्यावर ठेवला आहे. पिल्लं थोडी, पण आयुष्य लांब. प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावर विस्डम नावाची एक लेसन अल्बट्रॉस मादी आहे. १९५६ मध्ये चँडलर रॉबिन्स या पक्षीशास्त्रज्ञानं तिच्या पायात कडी घातली, तेव्हा ती प्रौढ होती. २००२ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी, त्याच रॉबिन्स यांच्या हाती तीच मादी पुन्हा आली. मधल्या काळात तिची झिजलेली कडी बदलली गेली होती, रॉबिन्स म्हातारे झाले होते, आणि ती मात्र होती तशीच. २०२४च्या अखेरीस, वयाच्या सुमारे ७४व्या वर्षी तिनं पुन्हा अंडं घातलं.

ही रीत कोट्यवधी वर्षं चालली, कारण भर समुद्रात या पक्ष्याला मारणारं फारसं कुणी नव्हतं. माणूस आला आणि हिशेब फिसकटला.

ॲमस्टरडॅम बेटावर माणूस कसा आला, ते ऐका. १८७१ मध्ये रेयुनियनहून एक शेतकरी कुटुंबकबिल्यासह तिथं वसायला आला. सोबत काही गुरं होती. काही महिन्यांत हवामानाला कंटाळून तो परत गेला, गुरं मात्र मागं राहिली. गुरं वाढली, वाढली, १९८०च्या दशकापर्यंत दोन हजारांच्या घरात गेली. झाडं संपली, पाणथळ जागा तुडवली गेली, अल्बट्रॉसची घरट्यांची जागा आक्रसत गेली. १९८३ मध्ये शास्त्रज्ञांनी जेव्हा या पक्ष्याला स्वतंत्र जात म्हणून जाहीर केलं, तेव्हा दरवर्षी अंडी घालणाऱ्या जोड्या दहासुद्धा नव्हत्या. सरांनी वर्गात कासरा ताणला होता, तेव्हा या जातीला जगात नावदेखील नव्हतं. नाव मिळालं तेव्हा ती जायच्या वाटेवर होती.

मग काम सुरू झालं. बेटाच्या मधोमध कुंपण घातलं, गुरं एका बाजूला अडवली, आणि २०१० पर्यंत ती सगळी हटवली. जोड्या हळूहळू वाढल्या. आज त्या काही डझनांत मोजाव्यात इतक्या आहेत. नामशेष होण्याच्या अगदी काठावरून हा पक्षी एक पायरी मागं आला आहे, पण धोका टळलेला नाही. शेजारच्या कड्यांवर पीतनासिक अल्बट्रॉसची वसाहत आहे. त्यांच्या इंग्रजी नावात 'इंडियन' हा शब्द आहे, आपल्याच महासागरावरून आलेला. त्यांच्या पिल्लांमध्ये पक्ष्यांचा कॉलरा पसरतो आणि तो या दुर्मीळ पक्ष्यापर्यंत पोचेल ही कायमची भीती आहे. त्यात जानेवारी २०२५ मध्ये बेटाला आग लागली आणि निम्म्याहून जास्त बेट जळालं.

पण सगळ्यात मोठं संकट बेटावर नाही, समुद्रात आहे. ट्यूना, म्हणजे आपल्या कोकणातला कुपा, पकडण्यासाठी मोठ्या बोटी समुद्रात एक लांब दोर सोडतात. किती लांब? शंभर किलोमीटरपर्यंत, म्हणजे कराडहून निघून साताऱ्याच्या बऱ्याच पुढे जाईल इतका. त्या एका दोराला हजारो गळ, प्रत्येक गळाला आमिष. दोर बोटीच्या मागून पाण्यात सुटत असतो. गळ बुडायच्या आधी काही क्षण आमिष पाण्याच्या वर दिसतं. हजार मैल उडून आलेला, पिल्लासाठी अन्न शोधणारा पक्षी ते पाहतो आणि झेपावतो. गळ चोचीत अडकतो. दोर जड असतो, तो खाली जातो, आणि पक्षी त्याच्याबरोबर. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की अशा दोरांवर दरवर्षी किमान १,६०,००० समुद्रपक्षी मरतात. त्यांत अल्बट्रॉस मोठ्या संख्येनं असतात.

आता सावकाश जगणाऱ्याचा हिशेब लावा. एक प्रौढ पक्षी गेला, की घरट्यातलं पिल्लू उपाशी मरतं, कारण एकट्या आईनं किंवा एकट्या बापानं ते जगत नाही. उरलेल्या जोडीदाराला नवा नाच, नवी जोडी जमवायला वर्षं लागतात. गेलेल्या पक्ष्याच्या जागी नवा यायला दहा वर्षं. ॲमस्टरडॅम अल्बट्रॉसवर अभ्यास करणाऱ्यांनी २०१० मध्ये आकडा काढला. वर्षाला सहांहून जास्त पक्षी या दोरांवर मेले, तर ही जात अशा उतरणीला लागू शकते, की तिथून परत फिरता येणार नाही. सहा. या सभागृहातल्या पहिल्या रांगेत याहून जास्त माणसं बसली आहेत.

हे ऐकून माणूस सुन्न होतो. पण मी तुम्हाला सुन्न करून घरी पाठवणार नाही, कारण यावरचा उपाय माहीत आहे आणि तो महागडाही नाही. एक: दोर रात्री सोडायचा, कारण हे पक्षी बहुतेक दिवसा खातात. दोन: गळांना वजन लावायचं, म्हणजे ते पटकन बुडतात. तीन: बोटीच्या मागं एक वेगळी दोरी लावायची आणि तिला रंगीत फिती बांधायच्या. फिती वाऱ्यात फडफडतात आणि पक्षी जवळ येत नाहीत. आपण ज्वारीच्या पिकात बुजगावणं उभं करतो, तसंच हे समुद्रावरचं बुजगावणं. ही कल्पना जपानी मच्छीमारांनी काढली. हिंदी महासागरातल्या ट्यूनाच्या मासेमारीचं नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगानं २५ दक्षिण अक्षांशाच्या खाली जाणाऱ्या बोटींना या तीनपैकी किमान दोन उपाय बंधनकारक केले आहेत. नियम कागदावर आहे. तो प्रत्येक बोटीवर पाळला गेला पाहिजे.

पाळला तर काय होतं, याचं उदाहरण नामिबियाचं. तिथं २०१५ मध्ये हे उपाय सक्तीचे झाले, आणि तळाशी लांब दोर सोडणाऱ्या मासेमारीत समुद्रपक्ष्यांचे मृत्यू ९८ टक्क्यांनी घटले. या फितींच्या दोऱ्या वॉल्व्हिस बे गावातल्या बायकांचा एक गट तयार करतो. आपल्याकडच्या बचतगटासारखाच. अल्बट्रॉस वाचवणारी माणसं म्हणजे कुणी जगावेगळे वीर असतात असं नाही. कुणीतरी बसून फिती बांधतं.

आणि कधी एखादा शिक्षकही असतो. न्यूझीलंडमध्ये डुनेडिन शहराच्या टोकाला तैआरोआ हेड नावाचं भूशिर आहे. १९१९-२० च्या सुमारास तिथं राजेशाही अल्बट्रॉस अंडी घालू लागले. पण पिल्लू काही टिकेना. माणसं अंडी पळवत, कुत्री आणि इतर जनावरं पिल्लं मारत. लान्स रिचडेल नावाचे गृहस्थ शाळाशाळांत फिरून शेती आणि निसर्ग शिकवायचे. त्यांनी हे मनावर घेतलं. सुटीच्या दिवशी ते घरट्याजवळ राहुटी ठोकून पहारा देत. १९३८ मध्ये त्या भूशिरावरून पहिलं पिल्लू उडालं. मनुष्यवस्तीला लागून असलेल्या मुख्य भूमीवर राजेशाही अल्बट्रॉसची वसाहत उभी राहिली. १९३७ मध्ये रिचडेल यांनी कडी घातलेली एक मादी पुढे 'आजी' म्हणून साऱ्या देशाला माहीत झाली. ती तिथं १९८९ पर्यंत येत राहिली. रिचडेल १९८३ मध्ये गेले. त्यांच्या मागंही ती सहा वर्षं अंडी घालायला आली.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे गेलो असताना मी त्या भूशिरावर उभा होतो. काचेपलीकडे घरटं होतं. एवढ्यात कड्याच्या खालून एक पक्षी वर आला, माझ्या डोळ्यांच्या उंचीला काही क्षण थबकला आणि वाऱ्यावर कलला. पंख हलला नाही. माझे हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरले, जणू कासऱ्याची गाठ अजून हातात आहे. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला बोलता येईना. सरांना हे दाखवायला हवं होतं, एवढंच मनात आलं.

आता आपल्या घराकडे येऊ. अल्बट्रॉस आपल्याकडे सहसा येत नाही असं मी म्हटलं. पण जुलै २०२० मध्ये तमिळनाडूतल्या रामेश्वर बेटावर एक अल्बट्रॉस उतरला होता. दक्षिण ध्रुवाकडच्या थंड समुद्रात राहणारी, काळपट अंगाची आणि फिकट पाठीची ती जात. आशियातली तिची ती पहिली नोंद. २०२२ मध्ये शोधनिबंध म्हणून छापून आली. ही नोंद झाली, कारण तिथं कुणीतरी पाहणारं होतं आणि लिहून ठेवणारं होतं.

आपल्या कोकण किनाऱ्यावरही दर पावसाळ्यात खोल समुद्रातले पक्षी वादळानं भरकटून येतात. बूबी, फ्रिगेट, नॉडी, काळे सुरय. दमलेले, भुकेले, वाळूवर बसून राहिलेले. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या खडकाळ बेटांवर सुरयांची वसाहत आहे, गुहांत पाकोळ्यांची घरटी आहेत. पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी १९४०च्या सुमारास तिथं जाऊन त्यावर लिहिलं, म्हणून आज तुलना करता येते. नोंद नसती, तर काय कमी झालं हेही आपल्याला कळलं नसतं.

घाटाच्या अलीकडेही हेच. खटाव तालुक्यातल्या मायणीच्या तलावावर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी येतात, हे आपल्या आजोबांनाही ठाऊक होतं. त्या परिसराला २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून संरक्षण मिळालं. सागरेश्वरच्या उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते यांनी लोकांना सोबत घेऊन झाडं लावली, हरणं सोडली आणि १९८५ मध्ये ते अभयारण्य झालं. कुंपण, पाणी, झाड, पुन्हा पाणी. वर्षानुवर्षं. ॲमस्टरडॅम बेटावरचं कुंपण आणि सागरेश्वरचं कुंपण ही एकाच जातीची कामं आहेत.

सावकाश जगणारा जीव एका क्षणात मारता येतो, एका क्षणात परत आणता येत नाही. त्याला वाचवायचं तर आपल्यालाही तितकंच सावकाश आणि तितक्याच चिकाटीनं काम करावं लागतं. एक दिवसाचा उत्साह त्याच्या उपयोगाचा नाही. आज झाड लावून छायाचित्र काढलं आणि उन्हाळ्यात पाणी घालायला कुणी गेलं नाही, तर ते झाड आपण मारलं. अल्बट्रॉसनं माझ्यापुरता शिकवलेला धडा एवढाच आहे.

सरांच्या रोजनिशीच्या शेवटच्या पानांवर दरवर्षी एक तारीख असायची: पावशाची पहिली हाक कधी ऐकली. शाळा सुटली, केस पिकले, डोळे अधू झाले, तरी ती तारीख चुकली नाही. शेवटच्या काही वर्षांतल्या नोंदी त्यांच्या नातीच्या अक्षरात आहेत. ते ऐकायचे, ती लिहायची. त्या वह्या घरच्यांनी जपून ठेवल्या आहेत, हे मला आज सभेपूर्वी कळलं. त्या वाचनालयाला द्याव्यात अशी माझी घरच्या मंडळींना हात जोडून विनंती आहे.

आणि तुम्हा सगळ्यांना तीन विनंत्या. शिक्षकांनी शाळेत एक नोंदवही सुरू करावी, पक्षी कधी आला आणि कधी गेला एवढं तरी त्यात असावं, आणि बदली झाली तर ती पुढच्या शिक्षकाच्या हाती द्यावी. पावसाळ्यात कोकणात गेलात आणि वाळूवर एखादा दमलेला समुद्रपक्षी दिसला, तर त्याला पुन्हा पाण्यात ढकलू नका. कुत्र्यांना आणि गर्दीला दूर ठेवा, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात शांत ठेवा, बळजबरीनं खाऊ-पाणी घालू नका आणि वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा. आणि १९ जून हा जगभर अल्बट्रॉस दिवस म्हणून पाळला जातो. तो आपल्याकडे पाऊस सुरू होण्याचा सुमार. त्या दिवशी आपापल्या शाळेत पोरांच्या हाती दोन टोकांना गाठी मारलेला सव्वासात हातांचा कासरा द्या आणि त्यांना विचारा, हे पाखरू केवढं असतं.

उत्तर लगेच सांगू नका. त्यांना शोधू द्या.